सूर्य बेटाचा, घड्याळ गावाचं

ताई, नमस्कार. माझे मिस्टर नेव्हीत पेटी ऑफिसर आहेत. जुलैमध्ये आम्ही पोर्ट ब्लेअरला आलो. मी माण तालुक्यातली. बी.एड. आहे, येईपर्यंत तिकडच्या एका खाजगी शाळेत शिकवत होते. मुलगा साडेपाच वर्षांचा. आलो त्या दिवशी पाऊस होता, तो अजून आहे. चपलांना बुरशी, पुस्तकांना बुरशी, मसाल्याचा दगड झालाय. टोमॅटो-फ्लॉवरचा भाव ऐकून पिशवी रिकामीच घरी येते. एवढा पाऊस पडून नळाला पाणी मात्र मोजून. मिस्टर महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस सेलिंगला. संध्याकाळी पाचला काळोख पडतो, मग रात्र संपता संपत नाही. शेजारी एक बंगाली, समोर तेलुगू, वर मल्याळी. माझं हिंदी मोडकं, म्हणून दार लावूनच बसते. जावा म्हणतात, ‘तुझं काय बाई, रोज बीच!’ सासूबाई म्हणतात, ‘तो नसतोच घरी, तर एकटी कशाला राहतेस? पोराला घेऊन ये, जूनमध्ये इथंच पहिलीत घालू.’ दोन-तीन वर्षांसाठी संसार कशाला मांडायचा म्हणून मी अर्ध्या ट्रंका उघडल्याच नाहीत. ताई, परत जाऊ का?

— नाव छापू नये

तुला ‘तू’च म्हणते, कारण तुझं पत्र वाचताना मला माझाच जुना क्वार्टर आठवत होता. माझे मिस्टर चीफ पेटी ऑफिसर म्हणून रिटायर झाले, आता आम्ही कोल्हापुरात असतो. २००८ ते २०११ आम्ही पोर्ट ब्लेअरला (आता कागदोपत्री श्री विजयपुरम) काढली. तुझ्या पत्रातलं सगळं मीही कुणालातरी लिहिलं असतं, एक ओळ तर अगदी शब्दशः. ती एक ओळ कुठली, ते पुढे सांगते.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मार्चच्या आधी काही ठरवू नकोस.

तू जुलैत आलीस आणि आता नोव्हेंबर चाललाय. म्हणजे या बेटाचा तू एकच ऋतू पाहिलास, तोही सगळ्यात कटकटीचा. मे महिन्यात आपल्याकडे टीव्हीवर ‘मान्सून अंदमानात दाखल’ अशी पट्टी फिरते आणि माणदेशातला माणूस आभाळाकडे बघायला लागतो. तो जिथं दाखल होतो, तिथं तू राहतेस बाई! आपल्याकडे तो येऊन चार महिन्यांत निघून जातो. तिथं मे-जूनपासून नैऋत्येचा पडतो आणि तो ओसरतोय म्हणेपर्यंत परतीचा, ईशान्येकडचा सुरू होतो. बंगालच्या उपसागरात वादळं उठतात तीही याच दिवसांत. वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. तुमच्याकडे पाचशे झाला तरी लोक पेढे वाटतील. डिसेंबरच्या शेवटी आभाळ मोकळं होईल. जानेवारी ते एप्रिल हवा कोरडी असते, समुद्र शांत होतो, पाण्याचा रंग बदलतो. गळतीच्या दिवसांत पाहिलेल्या घराला नकार देऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

आता पाचच्या काळोखाबद्दल. ही तुझी तक्रार सगळ्यात खरी आहे आणि तिच्यावर इलाजही आहे. पण त्याआधी ती नीट समजून घे, कारण मला ती समजायला वर्ष लागलं.

आपल्या देशाला घड्याळ एकच. ते मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं. तुझं माहेर त्याच्या पश्चिमेला आणि पोर्ट ब्लेअर पूर्वेला, पार म्यानमारच्या खाली. त्यामुळे तुमच्या दहिवडीचा सूर्य आणि तुझ्या खिडकीतला सूर्य यांच्यात सव्वा तासाचं अंतर पडतं. नोव्हेंबरात तिथं सूर्य पाचच्या आतच बुडतो. जूनमध्ये पहाटे पाचच्या आधी उगवतो. म्हणजे सासूबाई रात्री नऊला निवांत फोन करतात तेव्हा तुझ्या अंगाच्या हिशोबाने सव्वादहा वाजलेले असतात. तू जांभया देत बोलतेस आणि त्यांना वाटतं सून तुटक बोलते. माझ्याकडे यावरून खरंच भांडण झालं होतं.

आसामातल्या चहाच्या मळ्यांमध्ये ‘बागान टाइम’ म्हणून वेगळी वेळ असते, आपल्या घड्याळाच्या एक तास पुढे. मजुरांना उजेडात काम करता यावं म्हणून इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली. तुझ्या घरात तू तुझा बागान टाइम लाव. साडेचारला ऊठ. हसू नकोस, डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, पण त्याच्या आधीच फटफटलेलं असतं. ती पहाट या बेटाचं सगळ्यात चांगलं देणं आहे. मुलाला पाचला उठव, फिरायला ने, बाजार सकाळीच उरक. दुपारी झोप काढ, तिथं त्याला कुणी आळस म्हणत नाही. चारला चहा, आणि चार ते पाच हा तास घराबाहेरच काढायचा, काही झालं तरी. साडेसातला जेवण, साडेआठला दिवा बंद. सासूबाईंना सांग, फोन संध्याकाळी साडेसहाला करा. त्यांच्याकडे तेव्हा धारांची वेळ असेल, पण आठवड्यातून दोनदा जमवतील.

मी तिथं असताना पहिलं वर्ष गावच्या वेळेने जगले. सातला उठायचे, तेव्हा उन्हाचा तडाखा सुरू झालेला. आठला रात्रीच्या जेवणाची तयारी, तेव्हा अख्खी कॉलनी पेंगायला लागलेली. आणि मधला पाच ते दहा हा काळोख एकटीने खायचा. त्या काळी केबलही नव्हती. इंटरनेट उपग्रहावरून यायचं आणि एक फोटो उघडेपर्यंत भाताला तीन शिट्ट्या व्हायच्या. चेन्नईहून समुद्राखालून केबल आली ती २०२० च्या ऑगस्टमध्ये. त्यामुळे तुला व्हिडिओ कॉल मिळतो, पण त्यातच तुझी फसगतही आहे. तू दिवसभर फोनमध्ये गावाला असतेस आणि क्वार्टरमध्ये फक्त झोपायला येतेस. खरं की नाही?

आता ट्रंका. तुझ्या पत्रातली ती ओळ हीच, आणि खरं सांगायचं तर मी हे पत्र निवडलं ते तिच्यासाठी. मी पण नाही उघडल्या. काळ्या पत्र्याची ट्रंक, वर पांढऱ्या रंगात मिस्टरांचं नाव आणि नंबर, सगळ्या फौजी घरांत असते तीच. तिच्यावर चादर घालून मी तिचा सोफा केला होता. ‘दोन वर्षांत परत बांधायचंच आहे’ हे माझंही वाक्य. दहा महिन्यांनी एका लग्नासाठी गावी जायचं म्हणून उघडली, तर माझा लग्नाचा शालू घडीघडीवर करड्या ठिपक्यांनी भरला होता. जरीवर हिरवं चढलेलं. चार ठिकाणी दाखवला, डाग गेले नाहीत ते नाहीतच.

म्हणून आजच उघड. दमट हवेत बंद ट्रंक म्हणजे बुरशीचं पाळणाघर. रेशमी कपडे सुती पंच्यात गुंडाळ आणि महिन्यातून एकदा घडी बदल. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ, पाठीला वारा लागला पाहिजे. आमच्या वेळी प्रत्येक कपाटात पिवळा बल्ब जळत असायचा, त्याच्या उबेने आतली हवा कोरडी राहायची. हल्लीच्या एलईडीला ऊब नसते, त्यामुळे ती युक्ती आता चालत नाही. ओलावा ओढणारे डबे मिळतात, ते ठेव आणि पाणी साठलं की बदल. चामड्याच्या वस्तू वापरात असू देत, किंवा नेऊच नयेत. मसाला, ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याचा कूट, सगळं फ्रिजमध्ये. गावाहून पंधरा किलोचा मसाला आणण्यापेक्षा दोन-दोन किलो, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर मागव. भिंतीला ओल येत असेल तर एमईएसच्या (क्वार्टरांची देखभाल करणाऱ्या लष्करी खात्याच्या) रजिस्टरमध्ये तारीख घालून लिही आणि दर आठवड्याला त्याच खाली पुन्हा लिही. तोंडी सांगून काही होत नाही. हा तीन बदल्यांचा अनुभव आहे.

पाण्याबद्दल तू लिहिलंस तेव्हा मला गंमत वाटली, राग मानू नकोस. एवढा पाऊस आणि नळ कोरडा, हे कोकणातल्या बाईला सांगायला नको, पण तुला नवीन. बेट अरुंद आणि डोंगराळ. पडलेलं पाणी तासाभरात समुद्राला मिळतं, मोठी नदी नाही, जमिनीत मुरायला जागा नाही. शहराचा मुख्य आधार एक धनीखारी धरण. फेब्रुवारी-मार्चनंतर पाण्याची खरी ओढ लागेल. तेव्हा तुझ्या बिल्डिंगमधल्या बायका घाबरतील आणि तू नाही घाबरणार. भांडी घासलेलं पाणी झाडाला, तांदळाचं धुवण वेगळं, हे तुला कुणी शिकवावं लागलेलं नाही. टँकरची वाट बघत मोठी झालेली मुलगी आहेस तू. एकच काळजी: साठवलेलं सगळं झाकून ठेव आणि आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून घासून कोरडं कर. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच होतो.

भाजीचं गणित बदल. टोमॅटो, फ्लॉवर, कांदा, बटाटा हा माल मेनलँडवरून जहाजाने येतो. (‘मेनलँड’ हा शब्द तू अजून वापरला नाहीस पत्रात. वर्षभरात वापरायला लागशील.) चेन्नई, विशाखापट्टणम, कोलकाता, कुठूनही निघालं तरी हजार-बाराशे किलोमीटर, अडीच-तीन दिवस. उपसागरात वादळ उठलं की जहाज थांबतं आणि कांद्याचा भाव चढतो. त्या दिवसांसाठी कांदा-बटाटा थोडा जादा घेऊन ठेवावा, कॅन्टीनमधून कोरडा किराणा महिन्याचा भरावा. बाकी जहाजाची भाजी पाहुण्यांसाठी ठेव. रोजच्याला बेटावर उगवणारं खा. तुझ्या बंगाली शेजारणीच्या कुंपणावर ‘पुई’ नावाचा वेल असणार, जाड चकचकीत पानांचा. तो आपला मयाळू! मला हे कळायला दहा महिने लागले, कारण मी तो वेल फक्त खिडकीतून बघत होते. ‘कचू’ म्हणजे अळू, ‘मोचा’ म्हणजे केळफूल. शेवग्याच्या शेंगा, कच्ची केळी, नारळ हे सगळं तिथलंच. तुमच्याकडे मासे फारसे नसतात, पण सुरमई खाऊन बघ. काटे कमी, मुलांना आवडते.

आणि आता त्या दाराबद्दल, जे तू लावून घेतेस.

२००९ च्या ऑगस्टमधली गोष्ट. मिस्टर सेलिंगला. मध्यरात्र उलटून दीड वाजायला आला असेल. पलंग हलायला लागला. आधी मला वाटलं चक्कर आली. मग भांड्यांचा रॅक वाजायला लागला. साडेसात तीव्रतेचा भूकंप होता, उत्तरेला कोको बेटांच्या बाजूला. २६ डिसेंबर २००४ ची सुनामी होऊन पाच वर्षंसुद्धा झाली नव्हती, त्यामुळे तिथल्या लोकांच्या अंगात ती भीती अजून ताजी होती. मी मुलीला उचलून घरात उभी. दार उघडू की नको, जाऊ कुठे, काही सुचेना. एवढ्यात दारावर थापा. शेजारची बंगाली दीदी. तिच्याशी मी दहा महिन्यांत ‘नमस्ते’पलीकडे बोलले नव्हते. तिने काही विचारलं नाही, माझ्या हातातली मुलगी घेतली आणि ‘ऊपर, ऊपर’ म्हणत चढाच्या रस्त्याला लागली. मी मागे, गाऊनवर, अनवाणी. वर मैदानात अख्खी कॉलनी. फोन लागत नव्हते. कुणीतरी थर्मास आणला होता. सुनामीचा इशारा मागे घेतल्याचं कळेपर्यंत आम्ही तिथं बसलो, आणि त्या वेळात मला कळलं की दीदीचा नवराही माझ्या मिस्टरांच्याच शिपवर आहे. दहा महिने! दोघी एकाच शिपची वाट बघत होतो, मधे एक भिंत.

त्या रात्री माझं हिंदी तुझ्याइतकंच मोडकं होतं. तिचं तर माझ्यापेक्षा मोडकं. पोर्ट ब्लेअरचं हिंदी हे कुणाचंच स्वतःचं नाही. बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळी, रांचीकडून आलेले, सगळ्यांनी मिळून चालवलेलं ते. लिंग-वचन कुणी तपासत नाही. शिवाय तिथं २००१ पासून तिन्ही दलांची एकत्र कमांड आहे, देशातली पहिली. म्हणजे नेव्ही, आर्मी, एअरफोर्स, कोस्ट गार्ड, सगळ्यांच्या बायका एकाच बाजारात. सगळ्या बाहेरून आलेल्या, सगळ्यांचं परत जायचं ठरलेलं. इतकं लवकर मैत्री होणारं गाव मी दुसरं पाहिलं नाही. उद्या वाटीभर शेंगदाण्याची चटणी घेऊन जा आणि पुई माग.

भूकंपाचा विषय निघालाच आहे तर एक काम करून ठेव. तू सातारा जिल्ह्यातली, घरातल्या म्हाताऱ्यांकडून १९६७ चा कोयनेचा भूकंप ऐकला असशील. धक्के तुला अगदीच नवे नाहीत. पण तिथं शेजारी समुद्र आहे. बारीक धक्के येत राहतात, त्यांना घाबरायचं कारण नाही. पण उभं राहता येणार नाही असा किंवा बराच वेळ चाललेला धक्का आला, तर सरकारी इशाऱ्याची, फोनची, कशाचीच वाट न बघता चढाकडे जायचं. कुठल्या रस्त्याने ते मुलाला घेऊन एकदा दिवसा चालून बघ. दाराशी एक पिशवी ठेव, त्यात ओळखपत्रं, औषधं, टॉर्च, पाणी, चपला. चपला विसरू नकोस.

समुद्राचे नियम शेजारीण सांगेलच. मगरीचे फलक लावलेले असतात, ते शोभेचे नाहीत. खाऱ्या पाण्यातली मगर तिथं खरोखर आहे आणि पर्यटकांना ती खोटी वाटते. जीवरक्षक असेल तिथंच आणि सांगितलेल्या हद्दीतच पाण्यात उतर. वाळूतल्या बारीक माश्या चावतात, त्याची खाज आठवडाभर पुरते, म्हणून बीचवर जाताना पायांना खोबरेल फास. आणि मुलाने प्रवाळाचा तुकडा उचलला तर तिथंच ठेवायला लाव. वन्यजीव कायद्याने ते नेणं गुन्हा आहे आणि विमानतळावर बॅगेत सापडलं तर मिस्टरांना उत्तर द्यावं लागेल.

मिस्टरांबद्दल तू फार कमी लिहिलंयस. बहुधा रागावली आहेस आणि ते लिहायला बरं वाटत नाही. शिपवर वॉच असतो चार-चार तासांचा, रात्री-बेरात्री. पंधरा दिवस तुकड्या-तुकड्यांनी झोपलेला माणूस घरी येतो तेव्हा पहिला दिवस तो पाहुणाच असतो. मुलगा बिलगतो, हा घोरतो. तो दिवस सोडून दे. दुसऱ्या दिवशी मात्र सोडायचं नाही. रजिस्टरमध्ये काय लिहायचं, बँकेचं काय, शाळेचं काय, सगळं काढायचं. आमचे मिस्टर म्हणायचे, ‘मी आलो की तू यादी वाचतेस.’ मग काय करू, तुम्ही नसताना भिंतीला वाचून दाखवू?

शिप कधी निघणार, कधी येणार, कुठे आहे, हे गावाकडच्या ग्रुपवर चुकूनही लिहू नकोस. सासूबाईंनी विचारलं तर ‘कामावर आहेत, ठीक आहेत’ एवढंच. त्यांना ते तुटक वाटेल, वाटू दे. जावांना मात्र एक कर: बीचचे फोटो पाठवणं महिनाभर बंद, त्याऐवजी बुरशी आलेल्या चपलेचा पाठव. ‘रोज बीच’ हा शब्द आपोआप कमी होईल. तरी त्या जानेवारीत येतीलच, सगळ्यांना घेऊन. सेल्युलर जेल दाखवायला तुलाच जावं लागेल. मी तीन वर्षांत चौदा वेळा गेले. पहिल्यांदा सावरकरांच्या कोठडीत माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. चौदाव्या वेळी मी बाहेर पिंपळाखाली बसून भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या, खोटं कशाला बोलू!

आता शाळा, कारण खरा निर्णय तिथं अडकलाय. मुलगा मार्चअखेर सहा वर्षांचा होत असेल तर केंद्रीय विद्यालयाच्या पहिलीत बसेल. सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, आणि बदलीच्या नोकरीतल्या फौजींच्या मुलांना प्रवेशात पहिलं प्राधान्य असतं. शिवाय पुढची बदली देशात कुठेही झाली तरी तोच अभ्यासक्रम. नेव्हीच्या शाळेचीही चौकशी कर. गावातल्या पहिलीत घातलंस तर एक-दोन वर्षांनी पुन्हा उपटून लावावं लागेल. मराठी सुटेल ही भीती मलाही होती. पण तू स्वतः शिक्षिका आहेस. तुझ्या पहाटेच्या वेळेतली वीस मिनिटं मराठी वाचनाला दे, बाराखडीसाठी त्याला गावी धाडायची गरज नाही.

आणि तुझं काय? ‘शिकवत होते’ असा भूतकाळ लिहिलायस. केंद्रीय विद्यालयं दरवर्षी कंत्राटी शिक्षकांसाठी मुलाखती घेतात, जाहिरात साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निघते. कागदपत्रं आत्ताच गावाहून मागव. पोस्टाला वेळ लागतो, आणि तुझी सर्टिफिकेटं त्या न उघडलेल्या ट्रंकेत असण्याची शक्यताही आहेच. तोवर बिल्डिंगमधली चार मुलं जमवून दुपारी गणित घे. फी नाममात्र घे, पण घे. फुकट शिकवलं की आया वेळ पाळत नाहीत.

आता परत जाण्याबद्दल सरळ बोलते. गेलीस तर काही पळपुटेपणा नाही. मार्चमध्ये कोरड्या हवेतही तुला तिथं राहणं नको वाटलं, किंवा घरी कुणी आजारी पडलं, तर बॅग भर आणि जा. बऱ्याच जणी जातात, संसार मोडत नाहीत. पण एका गोष्टीसाठी मार्चपर्यंतही थांबू नकोस. सकाळी उठावंसंच वाटत नसेल, रोज रडू येत असेल, मुलावर हात उठत असेल किंवा जगणंच नको असं मनात येत असेल, तर त्याच दिवशी नेव्हीच्या धन्वंतरी हॉस्पिटलमध्ये जाऊन डॉक्टरांना सांग. पोटदुखी सांगतो तसंच सांगायचं. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या दुखण्यासाठीच्या सरकारी मदतसेवेचा फोन चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. सैन्यदलांतल्या लोकांसाठी आणि कुटुंबांसाठी पुण्यात एएफएमसीमध्ये, म्हणजे सैन्याच्या मेडिकल कॉलेजात, त्याचा वेगळा कक्षही आहे, २०२३ च्या डिसेंबरपासून. मिस्टरांच्या नोकरीवर परिणाम होईल या धाकाने बायका गप्प बसतात. तू बसू नकोस.

मार्चमध्ये पुन्हा लिही. जाणार असलीस तरी लिही.

ता. क. : पुई मागायला जाशील तेव्हा पानं मागू नकोस, वीतभर जाड देठ माग. खालची पानं काढून ओल्या मातीत खोचलास की लागतो, तिथल्या हवेत तर हमखास. पानांची भजी कर आणि पहिला घाणा शेजारी दे.